किती सालची?

साळुंके विहारच्या मागच्या गल्लीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये,
टिपरेंनी ताडपत्री उचलली
तसे आधी दोन गोल दिवे दिसले,
मग मिशीसारखी क्रोमची पट्टी,
मग सायीच्या रंगाचं, जरा पिवळट पडलेलं बॉनेट.

"डिझाइन साठ सालचं," ते म्हणाले,
"गाडी दोन हजार नऊची."
म्हणजे जन्मली तेव्हाच एकोणपन्नासची दिसत होती.

मी दात करते. टिळक रोडच्या मागे दोन खोल्यांची लॅब आहे,
कवळ्या, कॅपा, ब्रिज.
साठीच्या माणसाला पांढरेशुभ्र दात दिले
तर घरचे त्याच्याशी बोलताना दातांकडेच बघतात.
म्हणून समोरच्या दातावर मी केसाएवढी भेग रंगवते,
मुळाशी थोडा चहा,
एखादा जरा वाकडा बसवते.
वाकड्याला जास्त वेळ लागतो.

नाना पेठेतून मोहसीन बागवानला सोबत आणला होता.
त्यानं दारांची रबरं उचकटली, रंगावर नख वाजवलं,
ऑइलच्या झाकणाचा वास घेतला,
मग माझ्या कानाशी:
"ताई, तोंड म्हातारीचं आहे, पोटात कॉम्प्युटर.
खरी जुनी असती तर हातोडी, पक्कड, दोन शिव्या, काम झालं.
हिचा एक सेन्सर गेला की महिनाभर पार्सलची वाट बघा."
टिपरे ऐकूच येत नसल्यासारखे
टायरकडे बघत राहिले.

लुल्लानगरच्या पुलावर तिसरा टाकला.
उतरताना डावा सिग्नल दिला:
टिक-टॉक, टिक-टॉक,
घड्याळजीच्या दुकानासारखा.
"खरा नाही तो," मागून मोहसीन, गुडघे हनुवटीला लावून,
"स्पीकरमधून सोडलाय."
तेवढ्यात डॅशबोर्डच्या फटीतून
किर्र.
पुढच्या खड्ड्याला परत, किर्र.
"आणि हा?"
"हा खरा."

कवळी घेऊन गेलेलं माणूस
सात-आठ वर्षांनी दुरुस्तीला येतं.
मी रंगवलेल्या भेगेच्या शेजारी
तेव्हा एक त्याची स्वतःची असते.
कुठली कोणाची, ते मला भिंग लावून बघावं लागतं.

वर टिपरेबाईंनी चहा केला होता.
"मला कधीच आवडली नाही," म्हणाल्या.
"मागं बसायचं तर योगासनं यायला हवीत.
आणि नवी घेतली तरी शेजारी विचारायचे, कुणाची उचलली?"
टिपरेंनी पाच सांगितले. मी सव्वातीन.
"हौसेला मोल नसतं, मॅडम."
"तुमच्या हौसेला नव्हतं. मला ती सेकंडहँड मिळतेय."
बाई पदराआड हसल्या, आणि त्या हसण्यात
माझे वीसेक हजार सुटले असावेत.
तीन ऐंशी. ताडपत्रीसकट.

फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस.
टिपरेंनी तीन सह्या केल्या, तिन्ही वेगळ्या.
मग खाली येऊन समोरच्या कप्प्यातून
चष्मा काढला, कंगवा काढला,
आनेवाडीच्या टोलची एक पावती निघाली, अक्षरं उडालेली.
ती उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न केला
आणि घडी घालून परत आतच ठेवली.
मी काही बोलले नाही.

बिबवेवाडीला पोचेपर्यंत अंधार पडला होता.
वॉचमन लोंढे गेट उघडून
गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून आला.
"आमच्या गावात डॉक्टरकडं अशीच होती."
"अशी नसेल," मी म्हणाले, "ही तशी आहे."
त्याला ते पटलं नाही. खिडकीशी वाकला.
"पण किती सालची?"

सिग्नल बंद करायचा राहिला होता.
टिक-टॉक, टिक-टॉक.
मी हिशेब करतेय असं समजून
लोंढे थांबून राहिला.